कोंड्याचा मांडा

गरिबीतही नेटका संसार करणाऱ्या गृहिणीचे कौतुक करताना 'तिने कोंड्याचा मांडा केला' असे आपण म्हणतो. कोंडा म्हणजे टाकाऊ वस्तू, हे या म्हणीत गृहीतच धरलेले आहे. विज्ञानाने मात्र या कोंड्याची बाजू घेतली, आणि त्याला निमित्त झाल्या जावा बेटावरील काही कोंबड्या.

1890 च्या सुमारास बटाव्हिया येथे क्रिस्टियान आयक्मन हा डच वैद्य बेरीबेरी या रोगाचे जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या एकाएकी लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी करता असे दिसले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढरा सडीक भात मिळत होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात कोंबड्यांना घालणे त्याला मान्य नव्हते! साधा असडीक तांदूळ पोटात जाताच कोंबड्या उभ्या राहिल्या. सडीक तांदळात विष असावे, असे आयक्मनला प्रथम वाटले; परंतु 1901 मध्ये त्याचा सहकारी खेरिट ग्रिन्स याने खरे कारण सांगितले. रोग कशाच्या असण्याने नव्हे, तर कशाच्या तरी नसण्याने झाला होता. ते हरवलेले द्रव्य म्हणजेच आजचे 'ब-1' जीवनसत्त्व. आयक्मनला 1929 मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

कोकणातील उकड्या तांदळाचे मर्मही यातच आहे. भात सडण्यापूर्वी उकडले, म्हणजे कोंड्यातील हे सत्त्व काही अंशी दाण्याच्या गाभ्यात उतरते आणि पुढे गिरणीत सडले तरी सर्वस्वी जात नाही.

तथापि गिरणी दाण्याचे वरचे सत्त्व काढून घेते, ही गोष्ट जुनी झाली. आता दाणाच मुळात उणा होऊ लागला आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे 1843 पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि तेथील गव्हाचे नमुने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले आहेत. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत असे आढळले, की जस्त, लोह, तांबे व मॅग्नेशियम यांचे गव्हातील प्रमाण 1960 नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ स्थिर होते. बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या जाती आल्यानंतर ते उतरत गेले. जमिनीतील क्षार मात्र घटले नव्हते. पीक वाढले, त्या मानाने सत्त्व वाढले नाही; दुधात पाणी पडावे तसे ते पातळ झाले.

म्हणून या जातींना दोष द्यावा काय? 1965-66 च्या अवर्षणात परदेशातून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेल्या देशाला त्यांनी पोटभर अन्न दिले, हे विसरता येत नाही. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या.

अशा वेळी औषधी पूरके उपयोगी पडतात. गरोदर स्त्रीला लोह व फॉलिक आम्लाची गोळी आवश्यकच आहे. आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाला आवर घातला आहे. पण गोळी उणीव ओळखून घ्यावी, हौसेने नव्हे. 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वे शरीरात साठतात, आणि अतिरेक झाल्यास अपाय करतात. शिवाय गोळीत मोजकीच द्रव्ये असतात. डाळ, पालेभाजी व भाकरी यांनी भरलेल्या ताटाची सर तिला येत नाही.

खरा उपाय दाण्यातच सत्त्व परत आणण्याचा आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळील इक्रिसॅट यांनी मिळून 'धनशक्ती' ही लोहसंपन्न बाजरी सिद्ध केली, ती याच वाटेवरची. आपल्या आजीने पाखडून बाजूला ठेवलेल्या कोंड्यात जे होते, त्याचीच आज आपण औषधाच्या दुकानात किंमत मोजतो. ते ताटातच राहील, तर कोंड्याचा मांडा खऱ्या अर्थाने झाला असे म्हणता येईल.