उंच इमारतीत घर वाढेल काय?



नगर शहराच्या पूर्वेस शहा डोंगरावर एक अष्टकोनी दगडी इमारत उभी आहे. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात; वस्तुतः ती निजामशाहीतील मुत्सद्दी सलाबतखान याची कबर होय. सात मजले चढवावयाचे होते, तीनच झाले, असे सांगतात. दंतकथा खरी असो वा खोटी, इमारत थांबल्याने कोणाचे काही अडले नाही. मृताला वाढीव खोलीची गरज नसते. जिवंत माणसाच्या घराची गोष्ट निराळी आहे.

बोल्हेगाव, केडगाव या भागांतून चालत गेले की कामगारांच्या घरांच्या स्लॅबवर खांबांच्या सळया हात-दोन हात उघड्या सोडलेल्या दिसतात. आज खाली दोन खोल्या बांधल्या. फंडाचे पैसे हाती आले, थोरल्याचे लग्न ठरले, की वर मजला चढवावयाचा. वाढत्या घराचा जो विचार आज वास्तुशास्त्राच्या विद्यालयांत शिकविला जातो, तो नगरच्या गवंड्याला आणि त्याच्याकडून घर बांधून घेणाऱ्या फिटरला केव्हाच उमगलेला आहे. या सळयांत दोष नाहीत असे नव्हे. पावसात त्या गंजतात. खालचा पाया पुढच्या मजल्याचे ओझे धरून काढलेला असतोच असे नाही. आणि काळ्या मातीची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, तेव्हा मुरमापर्यंत न गेलेला पाया कुटुंबाच्या साऱ्या बेतांवर पाणी फिरवतो. तथापि त्या सळयांत एक हक्क आहे. पैसा येईल तसे आणि गरज पडेल तसे आपले घर वाढविण्याचा तो हक्क होय.

शहरे आता उंच चालली आहेत. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्रासाठी आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने नगरसारख्या शहरांनाही उंचीचा मार्ग मोकळा करून दिला. जमीन महाग, शेतीची जमीन वाचली पाहिजे, या कारणांनी उंच इमारतीला विरोध करणे शहाणपणाचे नाही. प्रश्न एवढाच की कष्टकऱ्याला बैठ्या घरातून उचलून सातव्या मजल्यावर नेले, म्हणजे त्याच्या सळयांचे काय होते? २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेने दुर्बल घटकाच्या घराला ३० चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा घातली. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात २२५ चौरस फुटांचे २६९ आणि पुढे ३०० झाले. आकडा वाढला, हे लढ्याचे यश आहे. परंतु प्रत्येक वेळी तो सरकारने ठरविला आणि काँक्रीटमध्ये कायमचा गोठविला. सून घरात आली की त्या ३० मीटरांना पडदा लावण्यापलीकडे काही करता येत नाही.

हे तंत्राने अटळ आहे काय? मुळीच नाही. डच वास्तुविशारद हाब्राकेन यांनी १९६१ मध्येच मांडले होते की सांगाडा समाजाचा असावा आणि आतले घर राहणाऱ्याचे. खांब, तुळया, जिने, पाणी व मैल्याचे नळ हे शंभर वर्षांच्या हिशेबाने बांधावे. आतल्या भिंती हव्या तेव्हा हलविता याव्यात. जपानात ओसाका शहरी १९९३ मध्ये ‘नेक्स्ट २१’ ही इमारत याच तत्त्वावर उभी राहिली आणि तिच्यातील काही घरे पुढे खरोखरच बदलून घेण्यात आली. त्याच जपानातील दुसरे उदाहरण मात्र डोळे उघडणारे आहे. टोकियोतील नाकागिन मनोऱ्याला १९७२ मध्ये १४० खोल्या बोल्टांनी अडकविल्या होत्या. दर पंचवीस वर्षांनी जुनी खोली काढून नवी लावावी, अशी कल्पना होती. एकही खोली कधी बदलली गेली नाही आणि २०२२ मध्ये मनोरा उतरवावा लागला. बोल्ट होते, सर्व मालकांनी मिळून निर्णय घ्यावा, खर्च वाटून घ्यावा, अशी सोय उभी राहिली नाही.

चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला जी वाढती घरे बांधली, त्यांत शेजाऱ्याशी सामायिक भिंतच ठेवली नाही. हेतू सरळ होता. कोणालाही आपले घर वाढविताना शेजाऱ्याची परवानगी लागू नये. उंच इमारतीत ही चैन नाही. तेथे प्रत्येक खांब सर्वांचा असतो. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ माणसे मेली. तळमजल्यावरील फेरबदलांत खांबांना हात लागल्याचा आरोप झाला. म्हणजे वर राहणाऱ्यांचा बदलाचा हक्क हा एकट्याचा हक्क असूच शकत नाही. तो सहकारी हक्कच असला पाहिजे.

येथेच खरी मेख आहे. प्रत्येक घराला एका खोलीएवढी उघडी गच्ची द्यावी, तिचा स्लॅब व खांब पुढच्या भिंतींचे ओझे धरून काढावेत, नळांच्या जागा आधीच सोडाव्यात, यात अभियंत्याला अवघड असे काही नाही. अडचण चटईक्षेत्राची आहे. उद्याच्या खोलीसाठी जे क्षेत्र राखून ठेवावयाचे, ते बिल्डरला आजच विकावयाचे असते. १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा इमारत व जमीन संस्थेच्या नावे करून द्यावयास सांगतो. तरीही हे हस्तांतरण इतके सर्रास रखडले की २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. जोवर जमीन त्याच्या नावावर आहे, तोवर इमारतीची वाढ ही त्याचीच वाढ असते. रहिवाशांना वाटणीस गळणारी गच्ची येते.

ज्या जिल्ह्यात १९५० च्या सुमारास लोणीला शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला हे परके वाटू नये. तो कारखाना लहान सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने वाढला. त्याची गाळपक्षमता कायमची गोठवावी असे कोणाच्या मनातही आले नाही. (पुढे सहकाराचे सरदार झाले, ती कहाणी वेगळी.) उसाला जी वाढ मान्य, ती ऊस तोडणाऱ्याच्या घराला का नाकारावी? पाथर्डी-शेवगावचा तोडणी कामगार सहा महिने कोपीत राहतो. त्याचा मुलगा एमआयडीसीत लागला, तर त्याच्या वाट्यास बांधून मिटविलेली खोली येऊ नये.

म्हणून नगरच्या कार्यकर्त्यांनी मागणी करावयाची ती नेमकी असावी. सार्वजनिक जमिनीवर जी उंच घरकुले होतील, त्यांचा नकाशा मंजुरीला येण्यापूर्वी महापालिकेने तो भावी रहिवाशांपुढे ठेवावा. वाढीचे क्षेत्र संस्थेच्या नावे पहिल्याच दिवशी नोंदवावे. कोणते खांब व तुळया कधीही हलवावयाचे नाहीत, हे प्रत्येक मजल्यावर रंगवून ठेवावे. वाढीव भिंतीची परवानगी अभियंत्याच्या दाखल्यावर संस्थेतच मिळावी. त्यासाठी कामगाराचा एक दिवसाचाही रोज बुडू नये.