साठी कुणाची, कोणत्या कामाची?



 धोंडो केशव कर्वे यांनी वयाच्या ८६व्या वर्षी, १९४४ साली, समता संघ काढला. भारतरत्न मिळालं तेव्हा ते शंभरीचे होते. त्यांच्या पुण्यात, वार्धक्यशास्त्राच्या या परिषदेत, वार्धक्यावर बोलायचं म्हणजे जरा जपूनच बोलावं लागतं.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. जन्म राज्य सरकारच्या नोकरीत गेला. आमच्याकडे साहेब ५८व्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याच कचेरीतला शिपाई ६०व्या. २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा साठी धरतो. एसटी ६५ला अर्धं तिकीट घेते, ७५ला काहीच घेत नाही. कारभाराला अशा रेघा लागतात, मीही त्या मारल्या. पण एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांपैकी एक सिंहगड चढतो आणि दुसऱ्याला जिना चढवत नाही, तेव्हा जन्मतारखेच्या दाखल्यावरून आपल्याला नेमकं काय कळतं?

हा प्रश्न कामाला कसा लागतो, ते डॉ. मार्जरी वॉरन यांनी दाखवलं. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या वर्कहाउसचा, म्हणजे निराधार गरिबांच्या आश्रयगृहाचा, दवाखाना आला आणि त्यातले ७१४ रुग्ण त्यांच्या हाती आले. बहुतेक म्हातारे, कित्येक वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले. ‘आता यांचं काय व्हायचंय’ असं म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजलं गेलं होतं. वॉरनबाईंनी एकेकाला नीट तपासलं. कुणाला पक्षाघात, कुणाचं हाड मोडलेलं, कुणी नुसतं पडून पडून आखडलेलं. त्यांनी वॉर्डांना उजळ रंग दिला, रुग्णांना बसवलं, उभं केलं, चालवलं. त्यातले बरेच जण चक्क घरी गेले. जराचिकित्सेचा, म्हणजे वृद्धांच्या वैद्यकाचा, पाया इथे पक्का झाला, असं मी मानतो. औषधाच्या आधी तिथे पारख आली.

पुढे १९६३मध्ये अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारखीचं साधं माप दिलं. अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवणं. यातलं माणूस स्वतःचं स्वतः काय करतो, एवढंच विचारायचं. ‘वय काय?’ यापेक्षा ‘अंघोळ स्वतः करतात का?’ हा प्रश्न घरच्या सुनेला जास्त कळतो, कारण मदतीची गरज बहुधा तिथूनच सुरू होते. मात्र हे माप अमेरिकेतलं. आपली आजी पाटावर बसून बादलीतल्या पाण्याने अंघोळ करते, उकिडवी बसते, जेवायला मांडी घालते. तिच्या गुडघ्यांची परीक्षा कितीतरी कडक आहे. तरुण संशोधकांनी आपली मापं आपल्या घरांत बेतावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणखी एक संकल्पना अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांची. वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला त्यांनी १९६९मध्ये वंशद्वेषाच्या पंक्तीला बसवलं. आपल्याकडे ही वृत्ती फार मायेने बोलते: ‘या वयात असं व्हायचंच.’ विसरभोळेपणामागे थायरॉइड असू शकतं, बी-१२ची कमतरता असू शकते, एखाद्या गोळीचा परिणाम असू शकतो, मनातली उदासी असू शकते. ‘वयाचंच आहे’ म्हटलं की तपासणी संपते. यात डॉक्टर येतात, मुलं येतात, आणि खरं सांगायचं तर स्वतः म्हातारेही येतात.

असो. पुढच्या तीन रांगांत हाताच्या खुर्च्या मुद्दाम ठेवल्या आहेत. ज्यांना उठताना आधार लागतो त्यांनी तिथे बसावं. तरुणांनी कृपया त्या अडवू नयेत. कमोडची सोय तळमजल्यावर आहे. ऐकायला कमी येत असेल तर स्वयंसेवकांना सांगा, ध्वनिक्षेपकाजवळ जागा देतील. आता उद्घाटकांनी व्यासपीठावर यावं, अशी त्यांना विनंती करतो.