पुन्हा धाकट्या मैदानावर

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याने निघाले की बिजौली लागते. गावाचे नाव हल्ली तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे ऐकू येते. गेल्या हिवाळ्यात नेमकी तिथेच आमची मोटार बिघडली आणि तासभर खोळंबावे लागले. रस्त्याकडेच्या माळावर क्रिकेटचे दोन डाव चालले होते. एक थोरल्या मुलांचा, दुसरा अगदी चिल्ल्यापिल्ल्यांचा. त्या धाकट्या डावात पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा फार जपून चेंडू टाकीत होता. त्याचा हात मोडला होता आणि प्लॅस्टर नुकतेच निघाले होते. पूर्वी थोरल्यांच्या डावात पहिले षटक त्याचेच असे, अशी माहिती चहावाल्याने दिली. मी म्हणालो, "अरेरे, आता पोरांत खेळावे लागते बिचाऱ्याला." चहावाला शांतपणे म्हणाला, "साहेब, हात जिथवर चालतो तिथूनच सुरुवात करायची ना?"

ध्यानचंदांच्या झाशीपासून जवळच ऐकलेले हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आजारातून उठलेल्या खेळाडूविषयी आज दोन शब्द बोलावेत असे वाटले, ते त्यामुळेच.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये या परतीची वाट मोठी लांबलचक आहे. मेजर लीगचे संघ अवघे तीस. त्यांच्या खाली पायऱ्या-पायऱ्यांनी मायनर लीग पसरलेल्या आहेत. होतकरू खेळाडू तळाच्या पायरीवर उभा राहतो आणि एकेक पायरी चढतो. दुखापत झाली की बरेचदा त्याला पुन्हा खाली यावे लागते. चेंडूफेक्याचा सारा संसार कोपरावर असतो, आणि कोपराचा अस्थिबंध तुटला की पूर्वी खेळ संपलाच म्हणून समजत. 1974 साली टॉमी जॉन या खेळाडूच्या डाव्या कोपरात डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच उजव्या मनगटातील स्नायुरज्जू काढून बसवला. 1975 चा सारा हंगाम तो खेळू शकला नाही. 1976 साली तो परतला आणि पुढे 1989 पर्यंत खेळला. त्याच्या 288 विजयांपैकी 164 शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

पण सर्वांनाच असे यश लाभत नाही. उत्तर प्रदेशातील भदोही जिल्ह्याचा रिंकू सिंग हा मुळात भालाफेक करणारा. 2008 साली चेंडू फेकण्याची एक स्पर्धा भारतात झाली. तिच्यात ताशी 87 मैल वेगाने चेंडू फेकून त्याने एक लाख डॉलर मिळविले, आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्याला करारबद्ध केले. 2009 पासून तो मायनर लीगमध्ये खेळू लागला. 2012 पर्यंत त्याची चढण नीट चालली होती. मग कोपर दुखावले. शस्त्रक्रिया झाली, सराव झाला, वर्षे गेली. मेजर लीगचे दार काही उघडले नाही. 2018 साली त्याने व्यावसायिक कुस्तीची वाट धरली.

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. 1988 साली आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी यांनी 664 धावांची अभंग भागीदारी केली. तेव्हा समोरच्या शाळेचा एक लेगस्पिनर 27 षटके टाकून 182 धावा मोजीत होता. बळी एकही नाही. तो मुलगा म्हणजे साईराज बहुतुले. 1990 साली मोटार अपघातात त्यांचा एक तरुण मित्र दगावला आणि त्यांचा स्वतःचा पाय जबर जायबंदी झाला. लेगस्पिन टाकताना पुढचा पाय खुंटीसारखा रोवून सारे अंग त्यावर वळवावे लागते. ज्याला चालण्याचीच भ्रांत, त्याने हे कसे करावे? तरीही 1991-92 च्या हंगामात बहुतुले मुंबईकडून प्रथम दर्जाचा सामना खेळले. कसोटीची टोपी मिळायला 2001 साल उजाडले, आणि कसोटी सामने अवघे दोनच वाट्याला आले. पण रणजी करंडकासारख्या देशी सामन्यांत राबून त्यांनी 600 हून अधिक बळी आणि 6000 हून अधिक धावा जमविल्या.

आता यातला यशस्वी कोण आणि अयशस्वी कोण? निकालाच्या वहीत दोघांची पाने निराळी आहेत, हे खरे. परंतु शरीराने दगा दिल्यावर सकाळी उठून पुन्हा चेंडू हातात घेण्याचे काम दोघांनाही सारखेच करावे लागले. त्या सकाळी कोणालाच ठाऊक नसते की पुढे टोपी मिळणार आहे की दार बंद होणार आहे. आणि पहिल्या चढणीला उमेदीचा जोर असतो. दुसऱ्या वेळी त्याच पायरीवर उभे राहताना आपल्यापेक्षा लहान मुले शेजारी असतात आणि पाहणारे "बिचारा" म्हणतात. तो शब्द दुखऱ्या हाताहून अधिक सलतो. मी तो उच्चारला होता, म्हणून सांगतो.

आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी आजारातून उठून मैदानाकडे निघाली, तर प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तो पाळावा. मात्र ती कोणत्या संघात खेळते, थोरल्या की धाकट्या, याची चौकशी काही दिवस करू नये.

मोटार दुरुस्त झाली. निघताना मी मागे वळून पाहिले. त्या मुलाचा चेंडू एका आठ वर्षांच्या पोराने सीमेपार टोलवला होता, आणि तो स्वतःच धावत जाऊन चेंडू आणीत होता.