उन्हाची उष्णता जाते कुठे?

मी शेलूबाजारहून बोलतेय. मे महिन्यात वखरलेल्या काळ्या रानात अनवाणी पाय टेकवत नाही. पण शेजारच्याच ओलिताच्या भुईमुगात तेच ऊन सोसवतं. ऊन तर दोन्हीकडे सारखंच. मग फरक कशाचा?

उष्णता जमिनीवर आली की तिच्या वाटण्या होतात. थोडी परत फिरते, थोडी मातीत मुरते, थोडी हवा तापवते. आणि जिथे ओल आहे तिथे बराच वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. हा वाटा लहान समजू नका. लिटरभर पाण्याला उकळी आणायला जेवढी आच लागते, त्याच्या सातपट ते पूर्ण आटवायला लागते. कोरड्या रानात आटवायला पाणीच नाही, म्हणून माती आणि हवा दोन्ही भाजतात. आपल्या टिनाच्या घराचंही तसंच.

पुण्याला हवामान खात्यात शेतीच्या हवामानाचा अभ्यास १९३२ साली सुरू झाला. तिथल्या डॉ. रामदासांनी काळ्या मातीवर खडूची पांढरी भुकटी पसरून पाहिली, तर खालची माती कमी तापली. टिनावर चुना मारतात तो याच कारणाने.

वाफेचा हिशेबही करता येतो. हवामान केंद्रावर उघडं पसरट भांडं ठेवून रोज पाणी किती उतरलं ते मोजतात. एक मिलिमीटर उतरलं म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर गेलं. विदर्भात मे महिन्यात दिवसाला दहा मिलिमीटरच्या वर उतरतं. आता दहा बाय दहा फुटांच्या अंगणात एक बादली सडा टाकला, तर तो जेमतेम एक मिलिमीटर. भर दुपारी तासाभरात खलास! डोक्यावर वाहून आणलेलं पाणी असं उडवणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा भांडी विसळलेलं पाणी शेवग्याच्या बुडाशी टाका, वर सोयाबीनचं कुटार पसरा. झाड ते पानांतून हळूहळू सोडेल, आणि सावली देईल ती वेगळीच.

पावसाळ्यातली उघडीप मात्र फसवी. पारा कमी दिसतो, पण हवेत आधीच ओल असते; घाम वाळत नाही, अंगातली उष्णता निघत नाही. निंदताना एखादीला गरगरलं, ती असंबद्ध बोलू लागली, तर पात धरून बसू नका. सावलीत न्या, अंग ओलं करून पदराने वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन लावा.