वहाण आणि मान
(वार्षिक स्नेहसंमेलन, रत्नागिरी येथे दिलेले भाषण)



‘पायांतली वहाण पायांतच बरी’ अशी एक जुनी म्हण आहे. तिचा रोख वहाणेवर नसून, समाजाने ज्याला खालचे ठरविले त्याने मान वर करू नये, यावर आहे. आज ती वहाण प्रतिष्ठितांच्या मिरवण्याची वस्तू झाली आहे. तिच्याबरोबर ती घडविणाऱ्याचा मानही वाढला काय, एवढाच प्रश्न मी आपणांपुढे ठेवणार आहे.

कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण घ्या. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीची शिवण, खिळ्याचे नाव नाही. आणि वरची नाजूक वेणी पुष्कळदा घरांतील स्त्रियांच्या हातची. शेतकऱ्याचे हे पायताण १९६०-७० च्या सुमारास पाश्चात्त्य हिप्पी तरुणांनी आवडीने पायांत घातले. त्यांना बाजारी राहणीचा निषेध करावयाचा होता. परंतु बाजार मोठा चतुर! त्याने त्या निषेधाचीच फॅशन केली आणि ती विकली.

या चपलेस २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला दाखविल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. ओरड झाल्यावर तिने उगम मान्य केला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून, सुमारे ८०० युरो किमतीचे २,००० जोड तयार करविण्याचे जाहीर केले. झाले ते बरेच झाले. परंतु चपलेवर नाव कंपनीचे राहील. वादी ओवणाऱ्या हाताचे नाव कोण विचारील?

येथे महाडचे स्मरण होते. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जमलेल्या भगिनींना सांगितले की, ज्या लुगड्याच्या नेसणीवरून व ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ते सोडून द्या. वेष हा त्यांच्या दृष्टीने हौसेचा विषय नव्हता. तो लादलेल्या ओळखीचा प्रश्न होता. आज तसल्याच जाड दागिन्यांची दुकाने थाटली आहेत, आणि ते घालणारीस कोणी जात विचारीत नाही. लादलेले ते जोखड, निवडलेले ते भूषण. भेद एवढाच, पण तोच सर्वस्व आहे.

म्हणून ज्या तरुणांनी रापी-आरी खाली ठेवून लेखणी धरली, त्यांना मी दोष देणार नाही. तो त्यांचा हक्कच होय. मात्र वडिलांच्या धंद्याचा उल्लेख निघाला की मान खाली घालणे, हे त्या जुन्या म्हणीस आपणच दुजोरा देणे आहे. आणि ज्यांनी धंदा चालविला आहे, त्यांनी आपल्या मालावर आपले नाव घालावे व नावासह भाव मागावा.

आपला रत्नागिरी जिल्हा त्या आठ जिल्ह्यांत नाही. परंतु आपल्याही घराघरांत या विद्येचे जाणकार वृद्ध आहेत. त्यांची नावे, हत्यारे आणि कामाच्या रीती आपल्या संस्थेने पुढील वर्षभरात लिहून घ्याव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. जे आपण लिहून ठेवणार नाही, ते उद्या दुसरा स्वतःच्या नावाने विकील.