वर्दीतला आदिवासी



रानभाजी घेऊन कातकरी, ठाकूर पनवेलच्या बाजारात उतरतात, तेव्हा त्यांच्याशी आपले बोलणे भाव ठरविण्यापुरतेच. त्यांच्यातलाच कोणी पोलिसाच्या वेषात समोर उभा राहिला तर? आमचा आजचा विषय तो.

खानदेशातील भिल्लांवर कंपनी सरकारने फौजा धाडून पाहिल्या. डोंगरांपुढे त्यांचे काही चालेना. मग १८२५ साली औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली, धरणगावास तिचे ठाणे केले. हा साहेब त्यांच्याबरोबर शिकारीला जाई. भिल्लावर भिल्ल घालण्याचीच युक्ती ती, हे आम्ही विसरत नाही. पण ज्यांना चोर म्हटले त्यांच्याच हाती बंदूक द्यायला छाती लागते.

१९९० साली गडचिरोलीत सी-६० पथक निघाले, ते जिल्ह्यातल्याच तरुणांचे. गोंडी, माडिया ही त्यांच्या घरची बोली. दुभाष्या मध्ये नसला म्हणजे म्हातारीची तक्रार तिच्याच शब्दांत कानी पडते. मात्र ज्याला गावच्या वाटा ठाऊक, त्याचे घरही नक्षलवाद्यांना ठाऊक. कित्येकांना बायकामुले गावातून हलवावी लागली. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात गडचिरोलीचे १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेले.

आपल्या कर्नाळ्याच्या आसपासच्या वाड्यांना बंदुकीचे पथक नकोच आहे. पण कातकरी बाई ठाण्याची पायरी चढली, तर तिची बोली समजणारा एक तरी शिपाई आत असावा, एवढे आपण नगरवासीयांनी मागावयास काय हरकत आहे?