घरचे पाळणाघर आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नव्हे. मॅट्रिक होऊन चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली, एवढीच आमची विद्वत्ता. म्हणून आज उपदेश न करता आम्ही आपली एक चूक कबूल करणार आहोत आणि तिच्या अनुषंगाने मंडळापुढे एक सूचना ठेवणार आहोत.

डोंबिवलीस दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आमच्या सौभाग्यवतीने १९ वर्षे पाळणाघर चालविले. सकाळची लोकल गाठणाऱ्या माता आपली लेकरे तिच्या स्वाधीन करून जात, त्या दिवेलागणीनंतर परतत. आठ मुले असत. त्यांचा मऊभात, त्यांची झोप, त्यांची दुखणीखुपणी, सारे तिच्याकडे. आम्ही मात्र, "घरबसल्या चार पैसे मिळतात," एवढेच म्हणत असू. आम्हांस किरकोळ रजा होती, आजारपणाची रजा होती, भविष्यनिर्वाह निधी होता. तिला यांपैकी काहीही नव्हते, हे आमच्या ध्यानीही आले नाही.

एका पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. सतरा दिवस पाळणाघर बंद राहिले. आठ घरांची घडी विस्कटली. एका मातेची नोकरी सुटली. तीन मुले पुन्हा आलीच नाहीत. दोघांकडील पैसे राहिले ते राहिलेच, कारण शेजाऱ्यांपाशी तगादा लावण्याचा तिला संकोच. तापात ती वारंवार एकच विचारी, "पोरं आज कुणाकडे असतील हो?" हिशेब आम्ही लिहून देऊ शकलो असतो, वसुलीस आम्ही जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

२०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक नोकरवर्ग असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, हे योग्यच झाले. परंतु लहान दुकानात वा चार माणसांच्या कचेरीत राबणाऱ्या मातेला आजही आधार आहे तो शेजारच्या बाईचाच. ती बाई मुले सांभाळण्यात कमी पडत नाही. एकटी असल्यामुळे कमी पडते. मुलाकडे पाहणे हे तिचे खरे काम. हिशेब, वसुली, किराणा आणि आजारपणात बदली माणूस शोधणे, हे ओझे अनेकींनी मिळून वाहण्याचे आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग आरंभिला. त्यात पीठ केंद्रात मळले जाते, भगिनी ते घरी नेऊन पापड लाटतात आणि विक्रीची जबाबदारी संस्था वाहते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या द्वारे गिरणगावातील खानावळवाल्या भगिनींना एकत्र आणिले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. पोळपाट ज्याच्या त्याच्या घरी राहिला. आधार मात्र सामाईक झाला.

आमची सूचना अशी. मंडळाने प्रथम आपल्या घरोघरच्या पाळणाघरांची नोंद करावी. दोन अनुभवी भगिनींना बदलीसाठी मानधनावर नेमावे, म्हणजे कोणी आजारी पडल्यास दार बंद होणार नाही. शुल्काची पावती मंडळाच्या कार्यालयातून द्यावी, म्हणजे तगाद्याचा संकोच उरणार नाही. धान्य एकत्र खरेदी करावे. खेळणी व चित्रांची पुस्तके पेटीत घालून घरोघर फिरवावी. प्रथमोपचार शिकविण्याचे काम ज्ञातीतील डॉक्टरमंडळींनी करावे. हिशेब आम्हां निवृत्त शिक्षकांकडे सोपवावा. आम्हांस वेळ पुष्कळ आहे.

कोणी म्हणेल, हे मंडळाचे काम नव्हे. आपण शिष्यवृत्त्या देतो, वधूवर मेळावे भरवितो. मग त्या मेळाव्यात जुळलेल्या संसारातील मूल दिवसभर कोठे राहते, हा प्रश्न आपला नव्हे काय? आणखी एक स्पष्ट सांगतो. पाळणाघर आपल्या भगिनीचे असले तरी दारी आलेले मूल कोणत्या ज्ञातीचे, हे कोणी विचारू नये. आमच्या घरी ते कधी विचारले गेले नाही.

या निधीसाठी आम्ही आपल्या निवृत्तिवेतनातून १,१०१ रुपये अध्यक्षमहाराजांच्या हाती देत आहोत. हे दान नव्हे, जुन्या थकबाकीचा पहिला हप्ता आहे. जिचे देणे आहे ती मागच्या रांगेत बसली आहे, आणि नेहमीप्रमाणे तिच्या मांडीवर कोणाचे तरी मूल झोपले आहे. म्हणून टाळ्या जरा हळू वाजवाव्यात, ही विनंती.